सरकारी मजुरी आणि हातची विद्या

सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, भीमा आणि सीना ह्या दोन नद्यांच्या मध्ये करमाळा तालुका पसरलेला आहे. करमाळा गावाजवळ कमलाभवानीचे देवालय आहे. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी ते बांधविले. दक्षिणी वळणाची गोपुरे, उंच दीपमाळा आणि ९६ पायऱ्यांची विहीर पाहणारा मनुष्य देवीपुढे हात जोडतो, निंबाळकरांचे नाव आदराने घेतो आणि घरी परततो. ज्या पाथरवटांनी हे काम केले त्यांच्या हाताखाली काही पोरेही असतील, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. नवशिक्या पोराच्या हातून पहिल्या वर्षी दगड घडतो थोडा आणि बिघडतो फार. त्याला शिकविताना वस्तादाचा वेळ मोडतो, माल वाया जातो, आणि त्या पोरालाही दोन वेळा जेवावे लागतेच. मग हा खर्च सोसावयाचा कोणी?

प्रश्न साधा दिसतो, परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपल्या देशातील राज्यकर्त्यांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. आज सरकार काही उद्योजकांना म्हणते, ‘तुम्ही नवा माणूस कामावर घ्या, त्याला शिकवा, त्याच्या वेतनाचा काही भाग आम्ही भरून देऊ.’ ही कल्पना नवी वाटते, पण तिची मुळे जुनी आहेत, आणि त्यांतील काही आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या मातीत रुतलेली आहेत. त्यांचाच मागोवा आज आपण घेऊ.

जुन्या काळी हा खर्च बहुधा घरानेच सोसला. सुताराचा मुलगा बापाच्या किकऱ्याशी खेळत सुतार झाला, आणि कोष्ट्याची मुलगी कांड्या भरता भरता मागाचे काम शिकली. पुढे कचेऱ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘उमेदवार’ हा शब्द घरोघर पोहोचला. उमेदवार म्हणजे उमेद धरून बसलेला मनुष्य. तो कचेरीत बिनपगारी कागद लिही, कारकुनाची मर्जी सांभाळी आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. त्याची रोजी त्याचा बाप किंवा मामा चालवीत असे. गरीब घरच्या मुलाला अशी उमेद परवडत नसे. तो उमेदवारीच्या दारातूनच मागे फिरे. कारागिरीच्या बाबतीत सरकारचे लक्ष प्रथम गेले ते अनाथ मुलांकडे. १८५० सालच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांना करारनाम्याने धंदा शिकण्यास बांधून देण्याची सोय केली. धर्मादायावर वाढलेली मुले पोटापुरते कमावती व्हावीत, हा तिच्यातील मुख्य हेतू होता. करारनामा झाला, परंतु शिकविणाऱ्याच्या खर्चात सरकारने वाटा उचलावा, ही गोष्ट अद्याप दूर होती.

मजुरीचे पैसे सरकारी तिजोरीतून मोठ्या प्रमाणावर खेड्यापाड्यांत पोहोचले ते दुष्काळाच्या वाटेने. १८७६ साली पाऊस फिरला. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात अतिशय होरपळला. सरकारने कामे काढली; रस्ते झाले, आष्टीच्या तलावासारखी मोठी कामे उभी राहिली. पण मजुरी किती द्यावयाची, ह्यावरून मोठा वाद माजला. हिंदुस्थान सरकारने पाठविलेले सर रिचर्ड टेंपल ह्यांनी काटकसरीच्या नावाखाली माणशी रोजचे धान्य १ पौंडावर आणण्याचा आग्रह धरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी ह्यांच्या धडपडीतून गावोगावची हकीकत गोळा केली आणि एवढ्या धान्यावर राबणारा देह तग धरू शकत नाही असे सरकारला वारंवार कळविले. मुंबई इलाख्यात हजारो माणसांनी अशा मजुरीवर राबण्याचे नाकारून कामे सोडली. लोकांनी मजुरीच्या दरासाठी सरकारशी घातलेला हा एक फार मोठा झगडा होता.

ह्या दराच्या वादाआड आणखी एक हानी चालली होती, आणि तिचा हिशेब कोणत्याच वहीत आला नाही. सोलापूर हा विणकरांचा जिल्हा. दुष्काळात लोक आधी लुगडे-धोतर घेण्याचे थांबवितात, कारण जुने ठिगळ लावून चालते, भाकरीला ठिगळ लावता येत नाही. त्यामुळे शेत सुकण्याबरोबरच माग बंद पडतो. मग साळी आणि कोष्टी हातोडा घेऊन खडी फोडावयास जातात. ज्या बोटांनी तुटलेला धागा नजरेनेच हेरून सांधावा, ती बोटे दगडावर झिजतात. माग विकला जातो, कांड्या भरणारी बायको आणि ताणा मांडणारी मुले पांगतात. पुढे पाऊस पडला तरी शेतकऱ्याचे शेत जागच्या जागी असते; विणकराचा धंदा मात्र पुन्हा जमेलच असे नाही. सरकारने त्याचा जीव वाचविला, पण तो वाचविताना त्याची विद्या मारली.

वीस वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, ही गोष्ट लोकमान्य टिळकांच्या ध्यानात आली. ते सोलापुरास गेले आणि तेथील प्रमुख व्यापाऱ्यांशी बोलून त्यांनी विणकरांसाठी एक योजना आखली. तिचा आशय असा की, विणकराला खडीच्या कामावर न पाठविता त्याच्या मागावरच काम द्यावे. व्यापाऱ्यांच्या समितीने सरकारशी सहकार्य करून हा व्यवहार सांभाळावा. वायव्य प्रांताचे नायब गव्हर्नर सर अँटनी मॅकडोनेल ह्यांच्या कारकिर्दीत त्या प्रांतात अशा धर्तीचा प्रयोग झालाही होता. परंतु मुंबई सरकारचे मन सार्वजनिक सभेविषयी आणि टिळकांविषयी कलुषित झालेले होते. १८९७ च्या मार्चमध्ये तर सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. सोलापूरची योजना मंजूर झाली नाही.

श्रोतेहो, ह्या नामंजूर योजनेकडे थोडे निरखून पाहण्यासारखे आहे. तीत धंदा चालविणारा खाजगी व्यापारी आहे, कसबी कामगार आहे, आणि दोघांच्या मध्ये सरकारचा हात आहे. खडीच्या कामावर सरकार मनुष्याच्या घामाची किंमत देई. ह्या योजनेत ते त्याच्या कौशल्याच्या रक्षणाची किंमत देणार होते. आजच्या वेतनसाहाय्याच्या योजनांचा गाभा ह्याहून फारसा वेगळा नाही.

अशा साहाय्यात धोका नसतो असे मात्र नव्हे. इंग्लंडच्या इतिहासात त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १७९५ च्या मे महिन्यात बर्कशायर परगण्यातील स्पीनहॅमलँड येथे न्यायाधीशांची बैठक भरली. धान्य महागले होते आणि शेतमजुरांचे पोट भरत नव्हते. तेव्हा पावाच्या किमतीच्या आणि कुटुंबातील माणसांच्या मानाने मजुरीला जेवढी तूट पडेल, तेवढी गरिबांसाठी गोळा केलेल्या करातून भरून द्यावी, असे ठरले. हेतू दयेचा होता. पण मजुरीची तूट गावकी भरून देते म्हटल्यावर शेतमालकाने पूर्ण मजुरी तरी का द्यावी, असा आक्षेप पुढे जोराने घेतला गेला, आणि १८३४ च्या कायद्याने ती पद्धत मोडीत काढली. त्या काळच्या चौकशी समितीने चित्र फार काळे रंगविले, असे पुढील इतिहासकारांचे मत आहे. तरी मूळची शंका शिल्लक राहते. सरकारने घातलेला पैसा कामगाराच्या पदरात पडतो की मालकाच्या खिशात मुरतो? आणि जो मनुष्य मालकाने एरवीही घेतलाच असता, त्याच्यासाठीच आपण पैसे मोजीत नाही ना?

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे ह्यांनी कामाच्या हक्काचा विचार हिरिरीने मांडला. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. करमाळ्याकडील म्हाताऱ्या माणसांपुढे आजही त्या सालाचे नाव काढले की प्रथम सुकडी आठवते, मग खडी. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. टेंपलसाहेबांच्या १ पौंड धान्यापासून हा केवढा पल्ला! पण काम पुष्कळदा तेच राहिले: माती, मुरूम, खडी. भूक भागली, हात मात्र शिकले नाहीत.

१९९० साली ह्या गाड्याला एक वेगळे वळण मिळाले. राज्य सरकारने फळबागांची लागवड रोजगार हमीशी जोडली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे खणावेत, रोपे लावावीत, ती जगवावीत. आणि त्या कामाच्या मजुरीचा खर्च सरकारने अनुदानरूपाने द्यावा, अशी ही योजना होती. म्हणजे येथे शेतकरी हाच एक लहानसा उद्योजक झाला आणि त्याच्या मजुरीच्या खर्चाची भरपाई सरकार करू लागले. सोलापूर जिल्ह्याच्या हलक्या, कमी पावसाच्या रानात डाळिंब आणि बोर ह्यांनी जे मूळ धरले, त्यात ह्या साहाय्याचा वाटा आहे. पुढे २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र ह्यातून रोपे जगविण्याचे, छाटणीचे आणि बहर धरण्याचे जे ज्ञान गावोगाव पसरले, ते मला मानांकनाहून मोलाचे वाटते. खडीचा ढीग रस्त्यात दडपला जातो. छाटणी शिकलेला मनुष्य दुसऱ्याच्या मळ्यातही उपयोगी पडतो.

ह्याच वाटेवरील पुढील योजनेत, म्हणजे २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत, एक शहाणपणाची अट आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळावयाचे. आणि दुसऱ्या वर्षी ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असतील तरच पुढचे हप्ते. नुसते खड्डे खणून फोटो काढले, की सगळे पैसे हाती पडले, असे होत नाही. ही अट आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

आता कारखाने आणि दुकाने ह्यांच्याकडे पाहू. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि त्याला विद्यावेतन देण्यास सांगितले. ‘उमेदवार’ हा जुना शब्द राहिला, पण त्याची बिनपगारी उमेद संपली. १९७४ साली महाराष्ट्राने सुशिक्षित बेकारांसाठी रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम काढला. तीत तरुणाने प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकावे आणि त्याला विद्यावेतन मिळावे अशी योजना होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू केली. तीत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, सरकारने मालकाला परत द्यावयाचा होता. २०२३ पासून हा वाटा मालकाच्या हाती न देता सरळ उमेदवाराच्या बँकखात्यात जमा होऊ लागला. पैसा कोणाच्या हातातून जातो हा प्रश्न स्पीनहॅमलँडच्या न्यायाधीशांपुढे सुटला नव्हता. येथे निदान त्याचे एक उत्तर मिळाले.

२०२४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. आषाढी एकादशीच्या दिवसांत मुख्यमंत्र्यांनी पंढरपुरातून तिची ग्वाही दिली, म्हणून आपल्या जिल्ह्यात तिचे नाव लवकर झाले. १८ ते ३५ वयाच्या तरुणांपैकी बारावी झालेल्याला दरमहा ६,००० रुपये, तंत्रशिक्षण किंवा पदविका घेतलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असे विद्यावेतन सरकारने थेट द्यावयाचे आणि कामाचे शिक्षण आस्थापनेने द्यावयाचे. मुदत ६ महिन्यांची होती. पुढे ती ११ महिने करण्यात आली. कित्येक प्रशिक्षणार्थी सरकारी कचेऱ्यांत, शाळांत आणि ग्रामपंचायतींत नेमले गेले. मुदत संपताच ‘आता आमचे काय?’ असा प्रश्न घेऊन ते रस्त्यावर उतरले आणि कायम करण्याची मागणी करू लागले. जुन्या कचेरीतील उमेदवार असाच जागेकडे डोळे लावून बसलेला असे. फरक इतकाच की, आता त्याची रोजी मामाऐवजी सरकारने ११ महिने चालविली.

१ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना लागू झाली. प्रथमच नोकरीस लागणाऱ्याला कमाल १५,००० रुपये दोन हप्त्यांत, पहिला ६ महिने टिकल्यावर आणि दुसरा १२ महिने टिकल्यावर. आणि नवा माणूस घेणाऱ्या मालकाला त्या माणसामागे दरमहा कमाल ३,००० रुपये २ वर्षे, कारखानदारीत ४ वर्षे. ५० पेक्षा कमी नोकर असणाऱ्याने निदान २ आणि त्याहून मोठ्याने निदान ५ माणसे जादा घेतली पाहिजेत, अशी अट आहे. एरवीही घेतला असता अशा माणसासाठी पैसे द्यावे लागू नयेत, हा त्या अटीमागील विचार उघड आहे. अमेरिकेतही २०१४ च्या कायद्यान्वये कामावर शिकविणाऱ्या मालकाला वेतनाचा अर्धा, आणि काही वेळा ७५ टक्क्यांपर्यंतचा, भाग परत मिळतो. तो शिकविण्याच्या जादा खर्चाबद्दल आहे, असे तेथे स्पष्टच मानलेले आहे.

एवढा प्रवास केल्यावर करमाळ्याच्या पेठेत उभे राहून ह्या योजनांकडे पाहिले, म्हणजे एक गोष्ट टोचते. युवा प्रशिक्षण योजनेत खाजगी आस्थापनेत निदान २० माणसे असावीत असा दंडक होता. केंद्राच्या योजनेत भविष्यनिर्वाह निधीची नोंदणी लागते. साखर कारखाना त्यात बसतो. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी कंदरसारख्या गावांतून केळी परदेशी जाते. तेथे केळीची प्रतवारी करणारी आणि तिची साठवण करणारी मोठी केंद्रे कदाचित बसतील. परंतु मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री, पंपाची मोटर भरून देणारा, दरवाजे-खिडक्या जोडणारा, चार शिलाईयंत्रे टाकून बसलेली बाई, ह्यांच्यापाशी एक-दोन पोरांहून अधिक कोणी नसते. तालुक्यातील खरी धंदेशाळा हीच आहे. तेथे पोराच्या हातून आजही माल बिघडतो, वस्तादाचा वेळ आजही मोडतो, आणि तो खर्च आजही वस्ताद आणि पोराची आई हेच सोसतात. कमलाभवानीच्या पाथरवटांच्या काळी जी स्थिती, तीच ह्या एका बाबतीत पुष्कळ अंशी कायम आहे.

लहान धंद्यांना पैसे वाटणे अवघड आहे, खोट्या नोंदी होतील, असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. पण हजारो शेतकऱ्यांच्या लहान लहान रानांतील झाडे मोजण्याचे काम ह्याच राज्याने केले आहे. झाड जगले तर पुढचा हप्ता, ही अट जर खेड्यातील बांधावर चालू शकते, तर विद्या जगली तर पुढचा हप्ता, ही अट पेठेतील दुकानात का चालू नये? शिकाऊ पोराची वर्षाअखेर त्याच धंद्यातील दुसऱ्या वस्तादाकडून परीक्षा घ्यावी. तो मोटर स्वतः भरू शकला, सदरा स्वतः बेतू शकला, तर शिकविणाऱ्याला उरलेला हिस्सा द्यावा. मग तो पोरगा त्याच दुकानात राहो की टेंभुर्णीस स्वतःचे दुकान काढो, सरकारचा पैसा वाया गेला असे म्हणता येणार नाही.

कारण शेवटी इतिहासाचा धडा इतकाच आहे. १८७७ साली सरकारने मजुरी दिली आणि विद्या गमावली. १८९७ साली विद्या राखण्याची योजना दारी आली, ती परत पाठविली. १९७२ साली मजुरी पोहोचली, पण हात रिकामे राहिले. १९९० साली मजुरीबरोबर झाडे आणि त्यांचे ज्ञान उरले. दिलेल्या पैशाची मोजणी दर मार्चअखेर होते. पैसे थांबल्यावर माणसाच्या हातात काय उरले, ही मोजणी मात्र सावकाश, वर्षांनंतर करावी लागते, आणि तीच खरी.

करमाळ्यास कधी जाणे झाले तर देवीचे दर्शन अवश्य घ्यावे, विहिरीच्या पायऱ्याही उतराव्यात. त्या पायऱ्या घडविणाऱ्या हातांना ज्याने शिकविले, त्याचे नाव कोठे कोरलेले नाही. मात्र त्याने सोसलेल्या खर्चावर आपण आजही पाय ठेवून उतरतो, एवढे स्मरण त्या वेळी मनात असावे.